कापड आटलं असेल

येणाऱ्यानं म्हणायचं, "बाळंतीण काय छान भरलीये!" आणि सासूबाईंनी ते कौतुक अलगद पदरात पाडून घ्यायचं, असा त्या घरात आठवडाभर नुसता धडाका चालला होता. वरच्या मजल्यावरच्या काकू तर दारातूनच ओरडल्या होत्या, "अगंबाई, गाल बघा कसे वर आलेत! काय खायला घालता हो हिला?" त्यावर सासूबाई म्हणाल्या, "विशेष काही नाही हो. वेळच्या वेळी घालते, एवढंच." आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज चढलं की बाळंतपण सुनेचं झालं की ह्यांचं, असा प्रश्न पडावा.

ज्या सुनेचे गाल वर आले होते, तिला त्या गालांचं काडीचं कौतुक नव्हतं. तिचं डोकं दुखत होतं. साधंसुधं नाही, डोक्याला दोरी बांधून कुणीतरी पीळ घालत बसल्यासारखं. गोळीनं थांबत नव्हतं, झोपून उठलं तरी थांबत नव्हतं. मधूनच डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आणि मंगळवारी सकाळी बाळाला खांद्यावर घेऊन ती खोलीबाहेर यायला निघाली तर दाराला दोन कड्या दिसल्या. धरायला गेली ती नेमकी नसलेली कडी निघाली. तोल गेला आणि बाळ हातातून निसटता निसटता राहिलं. ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. बाळ झोपेतच होतं, त्याला कशाचा पत्ताही नव्हता. पण तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आपल्याला काहीतरी होतंय, आणि ते एक दिवस पोर हातात असताना होणार, एवढं तिला स्वच्छ कळलं. त्या क्षणापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

बरं, ती मूग गिळून बसणाऱ्यातली होती म्हणावं, तर तेही नाही. तिनं सांगितलं होतं. घरातल्या प्रत्येकाला सांगितलं होतं.

आधी नवऱ्याला. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. माणूस भला, पण जगातल्या सगळ्या गोष्टी लिफ्टवर आणून ठेवायची खोड.

"झोप नाहीये ना तुला, म्हणून दुखतंय," तो म्हणाला. "लिफ्टसुद्धा दिवसरात्र चालली की गरम होते."

"मग गरम झाली की काय करतोस तू?"

"बंद ठेवतो थोडा वेळ."

"मग मला ठेव ना बंद."

तो खो खो हसला. ती विनोद करत नव्हती.

मग सासूबाईंना. सासूबाई शिलाईचं काम करायच्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, गळ्यात टेप, बोटाला अंगुस्तान आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असतानाही त्यांना बोलता यायचं, ही त्यांची खरी कला.

"बाळंतपणात डोकं दुखायचंच," त्या म्हणाल्या. "माझं तर सहा महिने दुखत होतं. ब्र काढला नाही मी तोंडातून."

"काढायला हवा होता, आई."

"कुणापुढे काढणार? सासरा मिलिटरीतला, सासू त्याच्या वरताण. आणि दुखत असेल थोडं, पण तब्येत बघ की तुझी! आरशात बघितलंस का? हाडं दिसायची तुझी आधी."

पालथ्या घड्यावर पाणी. तिनं आरशात बघितलं होतं. आरशात जी बाई होती तिचे डोळे खोल रुतल्यासारखे दिसत होते, आणि बोटातली अंगठी साबण लावूनही निघत नव्हती.

शेवटी तिनं दवाखान्याच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. ही सून एका पार्सल पोचवणाऱ्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसायची. बाळंतपणाची रजा लागेपर्यंत पाच वर्षं तिनं हेच केलं होतं. कुणाचं पार्सल फुटलं, कुणाचं भलत्याच्याच घरी गेलं, की लोक हिला फोन करून शिव्या घालायचे आणि ही गोड आवाजात म्हणायची, "तुमची गैरसोय झाली याबद्दल दिलगीर आहोत." फोन लवकर कसा संपवायचा, दुसऱ्या विभागाकडे कसा ढकलायचा, माणसाला ताकास तूर न लागू देता खूश कसं ठेवायचं, हे सगळं तिला पाठ होतं. ऑफिसात त्याला 'ढकलकॉल' म्हणायचे.

पलीकडच्या मुलीनं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "बाळ दूध पितंय का?"

"पितंय. मी माझ्याबद्दल..."

"बाळाला ताप? कावीळ?"

"नाही. माझं डोकं दुखतंय आणि डोळ्यांपुढे..."

"बाळ व्यवस्थित आहे म्हणजे काळजीचं कारण नाही. बुधवारी बाळाची तपासणी आहेच, तेव्हा विचारा. आणखी काही मदत करू शकते का?"

आणखी म्हणे! आधी कोणती केली होती? सुनेनं फोन खाली ठेवला. ढकलकॉल. आपल्याच हत्यारानं आपलाच गळा कापला गेला, असं तिला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच, ज्यांचे फोन आपण असे संपवले त्या सगळ्या पार्सलवाल्यांची तिला दया आली.

बुधवारी सकाळी निघायच्या वेळी नवीनच रामायण. सासूबाईंनी दवाखान्यात घालून जायला म्हणून तिच्यासाठी खास गाऊन शिवला होता. निळा, फुलाफुलांचा, पाजायला बरं म्हणून पुढून बटणांचा, आणि वारा लागायला नको म्हणून मनगटापर्यंत लांब बाह्यांचा. रविवारी संध्याकाळी माप घेतलं होतं, मंगळवारी काजं-बटणं झाली होती. आणि आज बाही कोपराशी अडली.

"हात ताठ ठेव गं."

"ताठच आहे, आई."

"मग चढत कशी नाही?" सासूबाईंनी एका हातानं तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं बाही ओढली. दोघी घामाघूम झाल्या. बाही कशीबशी दंडापर्यंत चढली आणि तिथे जी बसली ती बसलीच. मनगटाचं बटण लावल्यावर दोन्ही बाजूंनी मांस वर आलं.

सासूबाईंनी मान तिरकी करून बघितलं. चाळीस वर्षं शिवतेय ही बाई, तिच्या हातचं कापड असं वागत नाही. "कापड आटलं असेल," त्या म्हणाल्या. "मेला दुकानदार, चांगलं सांगून देतो आणि हे असलं निघतं. राहू दे आता, उशीर होईल. आल्यावर उसवून सैल करते."

सुनेला वाद घालायचं त्राणच नव्हतं. नवरा कामावर गेला होता, कुठल्या तरी इमारतीत लिफ्ट अडकली होती. त्या दोघी आणि बाळ, रिक्षा करून निघाल्या. रिक्षातही डोळ्यांपुढे काजवे होतेच.

दवाखाना म्हणजे तोच, जिथे ती बाळंत झाली होती. तेव्हा तिला हातावर झेललं होतं. "श्वास घ्या, अगदी छान, शाब्बास" असं सारखं कुणी ना कुणी म्हणत होतं. आज तीच इमारत तिला ओळखच द्यायला तयार नव्हती.

सासूबाई बाळाला घेऊन बाळाच्या रांगेत बसल्या. "तू कुठे निघालीस? नंबर जाईल!" त्या म्हणाल्या.

"आलेच. जरा दाखवून येते."

प्रसूती विभागाच्या खिडकीत एक चष्मेवाला होता. त्यानं कॉम्प्युटरवरून मान वर केली नाही. "तुम्हाला घरी सोडलंय ना? मग आता सहा आठवड्यांनी यायचं."

"मला आत्ता त्रास होतोय."

"मग जनरलला दाखवा. तळमजला."

ती जिना उतरून तळमजल्यावर गेली. पायात चपला जात नव्हत्या, टाचा बाहेर ठेवूनच चालत होती. जनरलच्या खिडकीतली बाई निदान बघून तरी बोलली. "काय होतंय? डोकं? कधी बाळंत झालात? अहो, मग इथे कशाला आलात, बाळंतिणीला आम्ही हात लावत नाही. वर जा, प्रसूतीला."

"त्यांनीच इकडे पाठवलंय."

"त्यांना सांगा, जनरलनं परत पाठवलंय."

ती पुन्हा जिना चढून वर गेली. मधल्या पायरीवर कठडा धरून थांबली, कारण पायऱ्या दुप्पट झाल्या होत्या. वर चष्मेवाला म्हणाला, "असं कसं परत पाठवतात? त्यांच्याकडून तसं लिहून आणा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मस्तकात आधीच काय कमी होतं! बाळ पोटात होतं तोवर ती प्रसूतीची होती. उद्या सर्दी झाली तर जनरलची होणार होती. मधल्या सहा आठवड्यांत ती कुणाचीच नव्हती. धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटाचा. आणि ह्या सगळ्यात राग येण्यासारखं असं कुणीच नव्हतं, तो चष्मेवालाही नव्हता. तो तेच करत होता जे तिनं पाच वर्षं पगार घेऊन केलं होतं.

आणि तिथेच तिला एक गोष्ट आठवली. ऑफिसात सगळ्यांना टोलवता यायचं. शिव्या देणाऱ्याला, रडणाऱ्याला, वरच्या साहेबांची धमकी देणाऱ्याला. एकाच प्रकारच्या माणसापुढे त्या सगळ्यांनी हात टेकलेले होते. जो शांतपणे म्हणायचा, "मी फोन ठेवत नाही. माझं काम होईपर्यंत मी इथेच आहे," त्याचं पार्सल मात्र संध्याकाळपर्यंत घरपोच व्हायचं. लाइन अडून राहायची ना!

ती बाळाच्या रांगेत परत आली तेव्हा त्यांचा नंबर लागलाच होता. सासूबाई भडकलेल्या होत्या. "कुठे होतीस? किती वेळ! मी एकटी..."

"द्या इकडे बाळ," ती म्हणाली, आणि बाळाला घट्ट धरून आत गेली.

आत वजनकाटा होता, त्यावर मऊ कपडा अंथरलेला. काट्यामागे एक ठसठशीत सिस्टर. तिनं हात पुढे केले, "कपडे काढा, बाळ द्या."

"देते. आधी माझा बीपी बघा."

सिस्टरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "अहो, हे बाळांचं आहे. इथे आयांचं बघत नाहीत."

"ते तुमच्या मागे फळीवर मशीन आहे ना? ते कुणाचं?"

"ते स्टाफसाठी आहे."

"मग एक मिनिट मला स्टाफ समजा."

"काय बोलताय? बाळ द्या, बाहेर लाइन किती आहे बघा."

"लाइन आहे म्हणूनच म्हणतेय. लवकर होईल तेवढं बरं. तुम्ही माझा बीपी घेईपर्यंत मी बाळ देणार नाही आणि इथून हलणारही नाही." आवाज तिनं अजिबात चढवला नव्हता. ऑफिसातलाच गोड आवाज होता. "तुमची गैरसोय होतेय, त्याबद्दल दिलगीर आहे."

सासूबाईंची अब्रू तिथल्या तिथे गेली. "अगं, काय चाललंय तुझं? लोक बघतायत! सिस्टर, तुम्ही मनावर घेऊ नका हो, झोप नाहीये तिला. तब्येत एकदम छान आहे, खातेपिते..."

"मी छान नाहीये!" आता मात्र आवाज चढला. "मी तीन दिवस सांगतेय, मी छान नाहीये! काल बाळ पडणार होतं माझ्या हातून. हे बघायला कुणाला वेळ आहे का, की मी पडल्यावरच माझा नंबर लागणार?"

दारात माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं, "अहो बाई, आटपा." त्यावर मागून एका बाईचा आवाज आला, "बघा ना तिचं एकदाचं. आणि तिचं झालं की माझंही बघा."

सिस्टरनं दारातल्या गर्दीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि ज्याला आपण 'पीडा टळो' म्हणतो तसा चेहरा करून फळीवरचं मशीन काढलं. "बसा. करा बाही वर."

सुनेनं बाळ सासूबाईंकडे दिलं. जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. ती स्टुलावर बसली, मनगटाचं बटण काढायला गेली, ते निघेना. सिस्टरनं काढलं. बाही वर सरकवायला गेली तर ती बोटभरही सरकेना. उतरवायला गेली तर दंडाशी अडलेली. धड वर नाही, धड खाली नाही.

"एवढं घट्ट कशाला घालता हो?" सिस्टरनं मशीनची वायर गुंडाळायला घेतली. "ह्याच्यावरून नीट येत नाही बीपी. पुढच्या वेळी सैल कपडे घालून या, मग बघू. द्या आता बाळ."

सुनेला रडू फुटलं. एवढं सगळं करून घोडं अडलं कुठे, तर बाहीत. तिला त्या निळ्या फुलांचा, त्या मशीनचा, त्या इमारतीचा असा काही संताप आला की ती बाही दातांनी फाडावी असं वाटलं.

"कुणी शिवलाय हा गाऊन?" सिस्टर जाता जाता म्हणाली. "मापच चुकलंय."

आता मात्र सासूबाई उसळल्या. बाकी काहीही ऐकून घेतलं असतं त्यांनी. "मी शिवलाय. आणि माझं माप चुकत नाही. रविवारी ह्या हातांनी घेतलंय."

"मग कापड आटलं असेल."

"कापड आटेल कसं?" सासूबाई फणकारल्या. "कोरं कापड मी रात्रभर भिजवते, वाळवते, इस्त्री करते, त्याशिवाय कात्री लावत नाही. चाळीस वर्षांत एक कापड माझं आटलं नाही. आटायचं ते आधीच..."

आणि त्या बोलता बोलता थांबल्या.

माप चुकलं नव्हतं. कापड आटलं नव्हतं. सकाळी दुकानदाराला शिव्या घातल्या तेव्हा हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. मग उरलं काय? त्यांनी बाळाला दारातल्या एका बाईच्या हातात जवळजवळ कोंबलं आणि सुनेचा हात हातात घेतला. अंगठ्यानं मनगटाच्या वर दाबलं. अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "हे अंग नाहीये. ही सूज आहे."

मग त्यांनी पिशवीत हात घातला. शिवणारीच्या पिशवीत कात्री नसेल तर काय असेल! "हलू नकोस," त्या म्हणाल्या, आणि मनगटापासून खांद्यापर्यंत, आपल्याच हातची शिवण, त्यांनी सरळ कापत नेली. बाही दोन्ही बाजूंना उघडली. आत दंडावर लाल वळ उमटले होते.

"घ्या, सिस्टर. आता घ्या."

सिस्टरनं पट्टा बांधला. मशीन घुरघुरलं, थांबलं. तिनं आकडा बघितला आणि पट्टा सोडून पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही बघितला. "बिघडलंय वाटतं," असं पुटपुटत तिनं तो पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. तिचा आकडा शहाण्यासारखा आला. तिसऱ्यांदा सुनेचा घेतला. मग मात्र तिचा सगळा ठसठशीतपणा उतरला.

"डोकं दुखतंय का तुमचं?"

"तीन दिवस."

"डोळ्यांपुढे काही?"

"काजवे. एकाच्या जागी दोन दिसतं."

"मग कुणाला सांगितलं नाहीत का?"

ह्या प्रश्नावर हसावं, रडावं की ते मशीन उचलून तिच्या डोक्यात घालावं, हे सुनेला कळेना. उत्तर द्यायची गरजही पडली नाही, कारण सिस्टर धावत दारात गेली होती आणि चाकाची खुर्ची आणा म्हणून ओरडत होती. खुर्ची आली, डॉक्टरीणबाई आल्या, तो चष्मेवालासुद्धा आला. ज्या दारांनी तिला दोनदा परत पाठवलं ती सताड उघडली गेली.

तिला पडद्यामागच्या खाटेवर निजवलं, हाताला सुई लावली, दिवे मंद केले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलत होत्या. बाळंतपणानंतरही रक्तदाब असा अचानक चढू शकतो, त्या म्हणाल्या. आकडी येते. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, अंगावर सूज, ही त्याचीच लक्षणं. "बरं झालं, वेळेवर आलात."

"आम्ही सकाळपासून आलोय," सुनेनं डोळे न उघडता सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी सलाइनचा वेग बघितला आणि निघून गेल्या.

दुपारी नवरा आला, धावतपळत, हाताला तेलाचे काळे डाग तसेच. खाटेशी उभा राहून तो नुसता घुटमळत होता. "अगं, मला वाटलं, झोप नाही म्हणून..."

"तुला वाटलं. मी सांगत होते."

"चुकलं माझं."

"हो. चुकलं," ती म्हणाली आणि कूस बदलली. त्याची समजूत घालायची ताकद तिच्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. ऑफिसात रोज पन्नास माणसांची समजूत काढली होती. आज ती रजेवर होती.

सासूबाई खाटेच्या पायथ्याशी बाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी गळ्यातला टेप काढला, सुनेच्या घोट्याभोवती गुंडाळून बघितला आणि परत गळ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितला. तिसऱ्या दिवशी सुनेनं विचारलं, "आई, पायाला गाऊन शिवणार आहात का?"

"तू गप्प पड," सासूबाई म्हणाल्या. "उतरतंय." आणि तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले.

घरी सोडायच्या दिवशी खिडकीतल्या चष्मेवाल्यानं बाळाच्या पुढच्या तपासणीची तारीख सांगितली आणि "पुढचे या" म्हणाला. सासूबाई हलल्या नाहीत. "ही झाली बाळाची. आता आईची द्या."

"त्या बाळाबरोबर येतीलच ना."

"बाळाबरोबर येऊन काय झालं ते बघितलं आम्ही. तिची तारीख वेगळी द्या. तिच्या नावानं. मी इथून हलत नाही." मागे लाइन वाढत होती. सून बाकावर बसून बघत होती, आणि आपलं हत्यार सासूबाईंनी किती पटकन उचललं ह्याचं तिला नवल वाटत होतं. तारीख मिळाली. तिच्या नावानं मिळाली. आणि घरी जाताना वाटेत रिक्षा थांबवून सासूबाईंनी बीपीचं मशीनही विकत घेतलं.

घरी आल्यावर पुढच्याच रविवारी वरच्या काकू हजर. सून खिडकीपाशी बाळाला घेऊन बसली होती, सासूबाई मशीनवर निळ्या गाऊनला नवी बाही लावत होत्या. काकूंनी सुनेला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगंबाई, किती वाळली ही! अहो, गेल्या वेळी कशी टम्म भरली होती. दवाखान्यात उपाशी ठेवलं की काय?"

मशीन थांबलं. "वाळली नाही ती," सासूबाई म्हणाल्या. "ती एवढीच आहे. भरली भरली म्हणून आपण नाचत होतो ना, ते दुखणं होतं. आपण दुखण्याचं कौतुक करत होतो."

काकूंना ते जरा लागलं. सुनेकडे पाठ करून त्यांनी सासूबाईंना खालच्या आवाजात विचारलं, "मग आता कसं आहे? डोकं दुखतं का हो तिचं अजून?"

सासूबाईंनी सवयीनं तोंड उघडलं. मग त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "ते डोकं माझं आहे का? ती बसलीये ना समोर. तिला विचारा."

काकू गोंधळून वळल्या. इतक्या दिवसांत त्या घरात आलेल्या कुणीतरी पहिल्यांदाच तिच्याकडे, थेट तिच्याकडे तोंड करून विचारलं, "काय गं, कशी आहेस? दुखतंय का?"

ती 'बरी आहे' म्हणणार होती. जिभेवर आलंच होतं.

"दुखतंय," ती म्हणाली. "सकाळपासून थोडं दुखतंय."

कुणी झोपेचं नाव काढलं नाही. सासूबाईंनी हातातली बाही तशीच अर्धवट सोडली आणि उठून कपाटातलं बीपीचं मशीन काढलं.